६०६१ कठीण करताना सुरुवातीला एवढे सांभाळा

६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू तापवून, पाण्यात बुडवून आणि पुन्हा कमी तापमानाला धरून कठीण करतात. आधी हातातला मिश्रधातू या प्रक्रियेने कठीण होणाऱ्यांपैकी आहे, याची खात्री करा. ५०५२ हा ॲल्युमिनियमचाच दुसरा मिश्रधातू तापवलात तर तो उलट मऊच पडेल. ६०६१ सुमारे ५३० अंश सेल्सिअसला धरल्यावर त्यातील मॅग्नेशियम व सिलिकॉन ॲल्युमिनियममध्ये विरघळतात, आणि तुकडा काही सेकंदांत पाण्यात बुडवला तरच ते तसेच अडकून राहतात. भट्टीचे दार उघडल्यावर चिमटा शोधत बसणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक (मीही केली आहे). पाण्यातून काढलेला तुकडा मऊ लागला म्हणून घाबरू नका. वाकवायचा असेल तर लगेच वाकवा. खरे बळ त्यानंतर १७५ अंशांवर सुमारे ८ तासांत येते, कारण तेव्हा तयार होणारे अतिसूक्ष्म कण स्फटिकातील विस्थापनांची (अणूंच्या रांगांमधील दोषांची, जे सरकल्याने धातू वाकतो) वाट अडवतात. फार वेळ ठेवल्यास कण मोठे व विरळ होऊन धातू पुन्हा नरमतो. तापमापक तुकड्यालगतच ठेवा. ५८० अंशांच्या पुढे ६०६१ वितळू लागतो.