‘वॉटर्लू’ हे गाणे १९७४ ची युरोव्हिजन स्पर्धा कशामुळे जिंकले?

‘ॲबा’ या स्वीडिश चौकडीचे हे गाणे ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे २४ गुणांसह पहिले आले आणि स्वीडनला युरोपीय देशांच्या या गीतस्पर्धेतील पहिले विजेतेपद मिळाले. माझ्या मते याचे बरेच श्रेय भाषेच्या नियमाला द्यावे लागेल, कारण देशाच्याच भाषेत गाण्याची सक्ती १९७३ मध्ये उठली होती आणि त्यामुळे मायदेशातील निवडफेरीत स्वीडिशमध्ये गायलेले हे गाणे ब्रायटनला इंग्रजीत सादर करता आले. नाचरी लय, चकाकते पोशाख आणि चक्क नेपोलियनच्या वेशात आलेला वाद्यवृंद-संचालक यांचाही परिणाम झालाच असणार. गंमत म्हणजे यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी त्याला एकही गुण दिला नव्हता, तरी महिन्याभरात ते ब्रिटनच्याच विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचले.