पेंटॅक्स के1000: माउंटचे स्क्रू आणि ट्रायपॉडचे गेलेले आटे

तुमच्या वडिलांचा के1000 हा रोलवर चालणारा कॅमेरा मालवणच्या घरात पंधराएक वर्षं कपाटात पडून होता. माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या रिंगचे दोन स्क्रू नाहीत, लेन्स हलते आणि खालच्या ट्रायपॉडच्या भोकातले आटे गेलेत. नवे पार्ट्स कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंत. कंपनीचे नवे पार्ट्स आता शोधत बसू नका. हा कॅमेरा 1976 मध्ये आला आणि 1997 मध्ये बंद झाला. पण तो इतका खपलाय की बंद पडलेले के1000 अजून सहज मिळतात, आणि तुमचं काम त्यातूनच होईल.

आधी लेन्स नेमकी कुठे हलते ते बघा. बॉडी मांडीवर घट्ट धरा आणि लेन्स हलक्या हाताने वरखाली करा. चकचकीत रिंग बॉडीपासून उचलली जात असेल तर दोष स्क्रूंचाच. रिंग जागेवर राहून लेन्स तिच्यात डुलत असेल तर रिंगमागच्या स्प्रिंग दबल्यात, किंवा लेन्सच्याच मागचे स्क्रू ढिले झालेत. दुसरी लेन्स लावून पाहिलीत की लगेच कळेल. फिरवायच्या दिशेने केसभर हालचाल मात्र चांगल्या कॅमेऱ्यातही असते, तिची काळजी नको.

हे स्क्रू म्हणजे नुसती रिंग धरून ठेवणारे खिळे नव्हेत. के माउंटमध्ये रिंगच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचं अंतर 45.46 मिमी असतं. एफ/2 ला, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं असताना, फिल्मच्या जागी जेमतेम 0.06 मिमी पुढेमागे चालतं, आणि झेरॉक्सचा एक कागदच 0.1 मिमीच्या आसपास जाड असतो. एका बाजूचे स्क्रू नसले की रिंग तिरकी बसते आणि फोटोची एक कड मऊ येते. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध बघून हे कळत नाही.

रिंग काढाल तेव्हा तिच्याखाली पितळेच्या किंवा कागदाच्या पातळ चकत्या असतील, तर त्या होत्या तशा, त्याच जागी परत गेल्या पाहिजेत. माझ्या एका जुन्या बॉडीची रिंग मी पडवीत बसून काढली होती. दुपारचा वारा सुटलेला, एक चकती उडाली ती सापडलीच नाही. नंतर हर्णैच्या बंदरावर परतणाऱ्या होड्या टिपल्या, सवयीने लेन्स अनंताच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसच्या टोकाला नेऊन. अख्खा रोल पुसट आला. जवळच्या माणसांचे, डोळ्याने फोकस केलेले फोटो मात्र ठीक होते. कारण आरशातून व्ह्यूफाइंडरच्या फोकस पडद्यापर्यंतचं आणि फिल्मपर्यंतचं, अशी दोन्ही अंतरं त्याच रिंगेपासून मोजली जातात. ती सारखीच कमी झाली, म्हणून डोळ्याला फरक दिसला नाही आणि लेन्सवरची अनंताची खूण तेवढी खोटी पडली. तेव्हापासून मी खिडक्या बंद करून, ताटात पांढरा पंचा अंथरून त्यावर काम करतो.

उरलेल्या स्क्रूंपैकी एक काढून डिजिटल कॅलिपरने मोजा: आट्यांचा व्यास, लांबी, डोक्याचा व्यास. डोकं शंकूसारखं आत बसणारं हवं. ते वर राहिलं तर लेन्सला घासेल, आणि स्क्रू लांब झाला तर आत कशाला तरी अडकेल. चष्म्याचे स्क्रू बहुधा बारीक पडतात. लॅपटॉपवाल्याकडे एम 2 चे, म्हणजे 2 मिमी व्यासाचे मिळतात, पण त्यांचं डोकं चपटं असतं. घड्याळजीच्या डबीत एखादा जुळणारा निघू शकतो. स्क्रू ड्रायव्हर जेआयएस, म्हणजे जपानी मापाच्या टोकाचाच घ्या. साधा फिलिप्स जपानी स्क्रूच्या खाचेत पुरता बसत नाही, खाच झिजवतो. खाऱ्या हवेने गंजलेला स्क्रू हटत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, थंड होऊ द्या, मग फिरवा. स्प्रेचं तेल अजिबात मारू नका. या कॅमेऱ्याचे शटरचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे आहेत, तेल तिथवर गेलं की दुखणं वाढलंच.

माझं मत विचाराल तर सुटे स्क्रू शोधण्यापेक्षा बंद पडलेली बॉडी घ्या. रिंग, स्क्रू, स्प्रिंग, खालची पट्टी सगळं एकदम हाती येतं. घेताना एक बघा. वर ‘असाही’ हे कंपनीचं जुनं नाव लिहिलेली बॉडी जुनी. नंतरच्या काहींची वरची-खालची झाकणं प्लास्टिकची आहेत. तुमची ज्या काळातली, त्याच काळातली शोधा. पेंटॅक्सच्याच केएम मॉडेलचेही बरेच भाग जुळतात. कुडाळहून रात्री कोकणकन्या धरलीत की सकाळी मुंबईत. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि फोर्टातल्या जुन्या दुकानांत विचारा, तुमची बॉडी सोबत न्या. जपानहून मागवलीत तर टपालखर्चाबरोबर कस्टम ड्युटीही धरा.

ट्रायपॉडचं काम मात्र घराजवळच होईल. ते भोक पाव इंची, म्हणजे हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सुती, इंचाला 20 आटे. त्याऐवजी एम 6 चा बोल्ट कुणीतरी पिळलेला असतो आणि आटे जातात ते बहुतेक त्यानेच. एम 6 चा व्यास 6 मिमी, आटे 1 मिमीवर. पाव इंचीचा 6.35 मिमी, आटे 1.27 मिमीवर. एम 6 चा बोल्ट दोन फेरे गोड जातो, मग भोकातले आटे कापत सुटतो. बंदरावर होड्यांच्या इंजिनांचं काम करणारा लेथवाला गाठा. खालची पट्टी सोडवून फक्त तीच द्या, कॅमेरा देऊ नका. भोवती पुरेसा धातू असेल तर भोक वाढवून तीन सुती आटे पाडता येतात. त्यात बाहेरून तीन सुती, आतून दोन सुती असा बुश बसतो, तो कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो. धातू कमी असेल तर तारेचा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारं तारेचं वेटोळं, बसवायला सांगा.

सगळं जोडल्यावर रोल घालू नका. मागचं झाकण उघडून, फिल्म टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर छोटी काच ठेवा. काचेला मॅट चिकटपट्टी लावलेली असू दे, ती बाजू लेन्सकडे. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून केबल रिलीजने उघडं धरा, लेन्स अनंताला न्या आणि मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाचा तट बघा. तटाची कड डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सारखीच धारदार दिसली तर रिंग सरळ बसली.

स्क्रूची मापं आणि माउंटचा जवळून काढलेला फोटो टाका. माझ्याकडे एका के1000 चे उरलेले स्क्रू डबीत आहेत, जुळले तर पोस्टाने पाठवतो.