अल्सर निघालाय, तिखट बंद केलं तरी पोट दुखतंय, काय करू?

तिखट सोडलंत ते ठीक, पण अल्सर मिरचीने होत नाही हो, बहुतेक वेळा कारणं दोनच, एच पायलोरी नावाचे जंतू नाहीतर पेनकिलर. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या आधी बंद करा, पण हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. जंतूंची टेस्ट झालीय का तेही विचारा, निघाले तर अँटिबायोटिकचा साधारण 14 दिवसांचा कोर्स असतो, तोंड कडू पडतं, मळमळतं, आणि चार दिवसांत बरं वाटलं की लोक गोळ्या सोडून देतात, घोळ तिथेच होतो. पँटोप्रॅझोल, म्हणजे अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, खाल्ल्यावर आठवण झाली म्हणून नाही. थंड दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण नंतर अ‍ॅसिड उलट वाढतं, त्यामुळे घरचे कितीही आग्रह करोत, तो काही इलाज नव्हे. तंबाखू, मिश्री, सिगारेट असेल तर जखम भरायला वेळ लागणारच. आणि शी डांबरासारखी काळी, चिकट झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.