पत्ता ओळखता येत नाही, म्हणून तो सुरक्षित?

प्रश्न : नमस्कार ताई. आमची छोटी टीम बिलं बनवण्याचं एक वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळते. बिल पडद्यावर उघडताना लॉगिन आणि मालकी दोन्ही तपासलं जातं. त्याच बिलाची पीडीएफ डाउनलोड करण्याच्या लिंकमध्ये मात्र फक्त यूयूआयडी, म्हणजे त्या बिलाला आपोआप दिलेला लांबलचक क्रमांक, असतो. लॉगिन केलेला कोणताही ग्राहक तिथे दुसऱ्याच्या बिलाचा यूयूआयडी टाकून ते उतरवू शकतो. टेस्टर म्हणते, ही व्हल्नरेबिलिटी, म्हणजे कोणी गैरफायदा घेऊ शकेल अशी सुरक्षेतली कमजोरी, आहे. सीनियर म्हणतात, एवढा लांबलचक यूयूआयडी ओळखणार कोण? साधा बग, म्हणजे कोडमधली चूक, समजा, पुढच्या तिमाहीत बघू. कोणाचं बरोबर?

उत्तर : टेस्टरचं. तरी सीनियरच्या म्हणण्यातला खरा भाग आधी घेते, कारण तो सोडून दिला तर वाद मिटणार नाही.

यूयूआयडी १२८ बिटांचा असतो. चौथ्या आवृत्तीत त्यातले १२२ बिट यादृच्छिक असतात आणि ते नीट तयार केलेले असतील, तर आकडे टाकत बसून कोणालाही दुसऱ्याचं बिल सापडणार नाही. पण तुमचे यूयूआयडी चौथ्या आवृत्तीचेच आहेत हे कोणी पाहिलंय का? तिसऱ्या गटातलं पहिलं अक्षर बघा. तिथे ४ असेल तर ठीक. १ असेल तर तो वेळेवरून आणि बहुधा मशीनच्या नेटवर्क पत्त्यावरून बनलेला आहे. मग स्वतःचं एक बिल हातात असलेल्या माणसाला त्याच सुमाराला बनलेल्या बिलांचे क्रमांक शोधायला फार थोडी जागा धुंडाळावी लागते. हे तपासायला काही मिनिटं पुरतात, म्हणून वाद घालण्याआधी ते करा.

आता समजा, सगळे चौथ्या आवृत्तीचे निघाले. तरी माझं उत्तर बदलत नाही. यूयूआयडी दोन वस्तूंचे क्रमांक एकमेकांशी भिडू नयेत म्हणून असतो. तो गुपित राहावा अशी व्यवस्था कोणीच केलेली नसते. यूयूआयडीचं मानक ठरवणाऱ्या २००५ सालच्या आरएफसी ४१२२ या दस्तऐवजातच स्पष्ट बजावलं होतं की यूयूआयडी ओळखायला अवघड असतात असं गृहीत धरू नका आणि नुसता तो जवळ असला म्हणून प्रवेश देऊ नका. आणि तुमच्याकडे तो कुठे कुठे जातो ते पाहा. ब्राउझरच्या हिस्टरीत, सर्व्हरच्या लॉगमध्ये, ग्राहकाने पुढे पाठवलेल्या ईमेलमध्ये. ग्राहक-कंपनीतून कोणी नोकरी सोडून गेला आणि दुसऱ्या खात्याने लॉगिन करू लागला, तर जुन्या लिंका त्याच्याजवळ तशाच असतात. अशा अहवालांत मी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासते : तोच आयडी दुसऱ्या एखाद्या एपीआयच्या (सर्व्हरकडून माहिती मागवायच्या वाटेच्या) उत्तरातून बाहेर पडतोय का? शोधाच्या निकालात, सूचनांच्या यादीत, शेरे दाखवणाऱ्या पानात. पडद्यावर तो दिसत नसतो, पण सर्व्हरने जेसन स्वरूपात पाठवलेल्या माहितीत बसलेला असतो. तसं एक ठिकाण सापडलं की ‘ओळखणार कोण’ हा मुद्दाच संपतो.

माझ्या मते निर्णय खरा ठरतो तो तुमच्याच शब्दावर. बिल पडद्यावर दाखवताना तुम्ही मालकी तपासता, म्हणजे ‘हे बिल त्या ग्राहकाशिवाय कोणी पाहू नये’ असं तुमच्या अ‍ॅप्लिकेशननेच सांगितलेलं आहे. पीडीएफ हे तेच बिल. दुसऱ्या वाटेने ते भलत्याला मिळत असेल, तर दिलेला शब्द मोडला आणि ज्याला जे करता येऊ नये ते करता आलं. याला मी व्हल्नरेबिलिटी म्हणते. उलट, ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकेल’ अशी सोय ग्राहकाने स्वतः निवडून चालू केली असती, तर अगदी याच कोडला मी दोष दिला नसता. तेव्हा मी विचारलं असतं की लिंक रद्द करता येते का, तिला मुदत आहे का. म्हणून कोड वाचून झाल्यावर लगेच निकाल देऊ नका. आधी विचारा, ग्राहकाला काय सांगितलं गेलंय? कित्येक टीममध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि मग असे वाद आवाजावर ठरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हरते ती बहुतेक वेळा टेस्टर.

ओळखण्याची अडचण मोजायची जागा वेगळी आहे : तीव्रता. सीव्हीएसएस ३.१ या तीव्रतेला ० ते १० गुण देणाऱ्या पद्धतीत, हल्ला नेटवर्कवरून, साधं लॉगिन पुरेसं आणि गोपनीयतेचं नुकसान मोठं असं धरलं, तर हल्ला गुंतागुंतीचा असताना ५.३ गुण येतात आणि सोपा असताना ६.५. दोन्ही ‘मध्यम’ पट्ट्यातच. म्हणजे सीनियरचा मुद्दा पूर्ण मान्य केला तरी सव्वा गुणाच्या आसपास फरक पडतो. आकडा शून्यावर येत नाही.

क्रमांक सलग असले तर काय होतं, त्याचं उदाहरण २०१९ साली अमेरिकेत दिसलं. फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या, मालमत्तेच्या मालकी-हक्काचा विमा देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचे कागद उघडत. लॉगिनही लागत नव्हतं. सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज असे उघडे होते. तुमचं प्रकरण त्यापेक्षा बरंच सौम्य आहे, पण जात तीच. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या, मोठ्या दहा धोक्यांच्या २०२१च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या चुका पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर आल्या, त्या याच.

दुरुस्ती छोटी आहे. पडद्यासाठी मालकी तपासणारं जे फंक्शन आहे तेच डाउनलोडच्या वाटेवर बोलवा, आणि दोन वेगळ्या खात्यांनी चालणारी एक स्वयंचलित टेस्ट लिहा. यासाठी तिमाही कशाला? दुरुस्तीनंतर लॉग उघडा आणि कोणत्या खात्याने स्वतःचं नसलेलं बिल उतरवलंय ते शोधा. साधा बग म्हणून नोंदवलं की नेमकं हे काम राहून जातं. नोंद कोणत्या नावाने करायची यावर मी एवढी अडून बसते ते त्यासाठी.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे, परवानगी असलेल्या बक्षीस-योजनांमध्ये व्हल्नरेबिलिटी शोधतो. एका ठिकाणी प्रोफाइलच्या टोपणनावात टाकलेली स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) चालली, पण ते नाव फक्त मलाच दिसतं. अहवाल ‘सेल्फ एक्सएसएस’ (टाकणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये चालणारी स्क्रिप्ट) म्हणून नाकारला. नंतर वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या स्वतःच्या साइटवर अ‍ॅडमिनने पोस्टमध्ये टाकलेली स्क्रिप्ट चालली, तेही नाकारलं. स्क्रिप्ट चालते, तरी व्हल्नरेबिलिटी कशी नाही?

उत्तर : स्क्रिप्ट कोणाच्या ब्राउझरमध्ये चालते आणि ती कोणी पेरली, एवढंच आधी बघ. २००५ साली मायस्पेसवर एकाने आपल्या प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट टाकली होती. ते प्रोफाइल इतरांना दिसत होतं, म्हणून २० तासांच्या आत १० लाखांवर खात्यांत ती पसरली. तुझं टोपणनाव तुझ्यापुरतं आहे. मात्र एवढ्यावर थांबू नकोस. मदत-कक्षातल्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर तेच नाव दिसतं का? दुसऱ्याच्या ब्राउझरला त्याच्या नकळत तुझ्या खात्यात लॉगिन करायला लावता येतं का? यातलं काही दाखवता आलं तर अहवाल पुन्हा पाठव, तो ऐकावाच लागेल.

वर्डप्रेसचा नकार योग्य आहे. तिथे अ‍ॅडमिनला न गाळलेलं एचटीएमएल (स्क्रिप्टसकट पानाचं कोड) लिहायचा अधिकार मुद्दाम दिलेला असतो. तो प्लगइन बसवून सर्व्हरवर पीएचपी चालवू शकतो; त्याच्यापुढे पोस्टमधली स्क्रिप्ट म्हणजे काहीच नाही. पण मल्टिसाइटमध्ये, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट असताना, हा अधिकार फक्त सुपर अ‍ॅडमिनला असतो. तिथे एका साइटच्या अ‍ॅडमिनची स्क्रिप्ट चालली, किंवा साध्या साइटवर ‘लेखक’ भूमिकेतल्या माणसाची चालली, तर चित्र पालटतं. अहवालाच्या पहिल्याच वाक्यात लिही : अमुक भूमिकेतला माणूस, तमुकाविरुद्ध, आधी करता येत नव्हतं असं काय करू शकतो. हे वाक्य पूर्ण होत नसेल तर अजून शोध बाकी आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक कूपन एकदाच लागतं. दोन टॅबमधून एकाच क्षणी बटण दाबलं तर दोनदा लागतं. कोणाचा डेटा फुटत नाही. हा बग ना?

उत्तर : व्हल्नरेबिलिटी. डेटा फुटणं हा एकच प्रकार नव्हे. ‘एकदाच’ हा तुमचा नियम आहे, आणि तो कोणीही ठरवून, फायद्यासाठी, हवा तेव्हा मोडू शकतो. दोन टॅबची गरजही नाही. छोटी स्क्रिप्ट एकाच वेळी पन्नास विनंत्या पाठवेल. तुमचं कोड आधी ‘वापरलंय का’ विचारतं आणि मग ‘वापरलं’ असं लिहितं, त्या दोहोंमधल्या फटीत हे घडतं. वापरलेलं नसेल तरच बदल, असं एकाच डेटाबेस-विधानात लिहा आणि एक ओळ बदलली तरच सवलत द्या.

याच फटीमुळे एखाद्या ग्राहकाने घाईत दोनदा बटण दाबून त्याचेच पैसे दोनदा कापले गेले, तर तो बग आहे. गंभीर आहे, आजच दुरुस्त करावा असा आहे, पण त्यातून कोणाला गैरफायदा मिळत नाही. दोन्हींचं मूळ एक असल्याने वॉलेट, गिफ्ट कार्ड आणि परताव्याचं कोडही याच बैठकीत उघडून पाहा.