धोका आणि जोखीम: अन्नाच्या तपासणीत या दोन शब्दांतले अंतर

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेतील पालकांसाठी अन्नसुरक्षेवर मराठी माहितीपत्रक लिहिताना 'अन्नातील धोक्याचे मूल्यमापन' म्हणावे की 'जोखमीचे मूल्यमापन'. शब्दकोशात एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला असतो, मग हा भेद करण्याचा आग्रह कशासाठी, अशी त्यांची शंका आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: 'जोखमीचे' असेच लिहावे, आणि 'धोका' हा शब्द दुसऱ्या एका गोष्टीसाठी राखून ठेवावा.

बोलण्यात हे दोन्ही शब्द सरमिसळ होतात हे खरे आहे. धोका पत्करला काय किंवा जोखीम पत्करली काय, ऐकणाऱ्याला सारखेच कळते. तरीही भाषेने दोघांत थोडे अंतर राखलेले आहे. नदी धोक्याची पातळी ओलांडते, जोखमीची नव्हे. रस्त्याकडेच्या फलकावर 'धोका' एवढा एकच शब्द पुरतो, कारण तेथे काहीतरी घातक आहे इतकेच सांगायचे असते. जोखीम मात्र नेहमी कोणाची तरी आणि किती तरी असते. विमा उतरवणारा जोखीम घेतो, म्युच्युअल फंडाची जाहिरात गुंतवणूक 'बाजारातील जोखमीच्या अधीन' असल्याचे सांगते, आणि 'जोखीम किती?' हा प्रश्न मराठीत अगदी सहज विचारला जातो. व्युत्पत्तीचा आधार मी येथे घेत नाही, पण मराठी कानाला 'जोखीम' ऐकताच शेजारचे 'जोखणे', म्हणजे तोलून पाहणे, आठवते आणि ते येथे उपयोगीच पडते.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अंगणात काजूच्या बिया भाजल्या जात. भाजलेली बी फोडण्याआधी आजी दोन्ही हातांना राख चोळून घ्यायची, कारण काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी भाजून काढते. तरीही हंगाम संपेपर्यंत तिची बोटे काळी पडलेली असत आणि अंगठ्याची साल निघालेली असे. त्याच बियांतला गर आम्ही मुले मूठमूठ खात होतो आणि आम्हाला काही होत नव्हते. टरफलातले तेल हा धोका. तो बीमध्ये दोघांच्याही वाट्याला होता. जोखीम मात्र फोडणाऱ्या आजीला फार मोठी आणि गर खाणाऱ्या आम्हाला नगण्य होती, कारण तेलाशी गाठ तिची पडत होती, आमची नव्हे.

अन्नाच्या शास्त्राने नेमका हाच भेद धरलेला आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 1963 साली स्थापन केलेला, अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारा कोडेक्स अलिमेंटारियस आयोग आणि आपला 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा हे दोघेही या दोन संज्ञांच्या व्याख्या वेगळ्या देतात. अन्नातील अपाय करू शकणारा जैविक, रासायनिक किंवा भौतिक घटक, किंवा अन्नाची तशी स्थिती, हा धोका. आणि त्यामुळे खाणाऱ्याच्या प्रकृतीला अपाय होण्याची शक्यता व त्या अपायाची तीव्रता, हे दोन्ही मिळून जोखीम.

मूल्यमापन चार पायऱ्यांनी होते. अपायकारक घटक कोणता ते ओळखणे. किती मात्रेला तो काय अपाय करतो ते शोधणे. लोकांच्या पोटात तो प्रत्यक्षात किती जातो ते मोजणे. आणि या तिन्हींवरून जोखीम ठरवणे. येथे 'डोस' न लिहिता 'मात्रा' लिहावे, कारण वैद्याने दिलेली मात्रा उगाळून चाटवणाऱ्या आपल्या घरांना कमी-अधिक प्रमाणाचा अर्थ त्या शब्दातून आपोआप कळतो. दुसऱ्या पायरीवर साधारणपणे असे करतात की, प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही ती घ्यायची आणि तिला 100 ने भागायचे: 10 पट सावधगिरी प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, आणखी 10 पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. जे उरते ते आयुष्यभर रोज पोटात गेले तरी चालेल असे प्रमाण.

पहिली पायरी म्हणजेच सगळे मूल्यमापन, असा समज झाला की काय होते ते 14 जुलै 2023 रोजी दिसले. त्या दिवशी साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीबद्दल दोन निष्कर्ष एकत्र जाहीर झाले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला 'माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता' असलेल्या गटात घातले. वर उल्लेखलेल्या दोन संघटनांच्या, अन्नातील मिश्रकांवरील संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादाच कायम ठेवली. 70 किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायची, तर इतर कशातून ॲस्पार्टेम पोटात जात नसल्यास, ॲस्पार्टेम घातलेल्या 'डाएट' शीतपेयाचे दिवसाला 9 ते 14 पेक्षा जास्त डबे प्यावे लागतील. विसंगती येथे नाही: पहिल्या संस्थेने धोका सांगितला, दुसरीने जोखीम. मराठीत दोन्हींना 'धोका' म्हटले, तर शास्त्रज्ञच आपसांत भांडत आहेत असे वाचकाला वाटते, आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

गोव्याला हे जवळून माहीत आहे. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन हे कुजणे रोखणारे रसायन आढळल्याची बातमी आली आणि बाहेरची मासळी आणण्यावर काही दिवस बंदी घालावी लागली. त्या काळात सर्वांच्या तोंडी असलेला शब्द होता 'मर्यादेत'. मासळीत फॉर्मेलिन घालणे मुळात निषिद्धच आहे, तेव्हा मुद्दाम घातलेल्या फॉर्मेलिनला मर्यादा कसली, हा लोकांचा संताप रास्त होता. पण फॉर्मेलिन ज्या फॉर्मल्डिहाइडचे द्रावण आहे, ते मासा मेल्यावर त्याच्या मांसात आपसूकही थोडे तयार होते, आणि बोंबलासारख्या काही जातींत तर बरेच होते. म्हणून नुसते 'आढळले' पुरत नाही. किती आढळले, कोणत्या माशात आणि कशामुळे, हे विचारावेच लागते. घातलेल्याला 'निषिद्ध' आणि उपजत तयार झालेल्याला 'मर्यादा' हे दोन वेगळे शब्द तेव्हा काटेकोरपणे वापरले गेले असते, तर बाजारातून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या माणसाला निदान काय चालले आहे ते समजले असते.

मूल्यमापनाची तिसरी पायरी, म्हणजे पोटात प्रत्यक्षात किती जाते ते मोजणे, आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. मोरीसारख्या (म्हणजे शार्कसारख्या) शिकारी माशात पारा साठतो, तारली-बांगड्यासारख्या लहान माशांत त्या मानाने कमी. आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्या घराची आणि दोन्ही वेळच्या जेवणात मासळी असणाऱ्या गोव्यातील घराची जोखीम एकच असू शकत नाही. तीच मोरी, पण गर्भवतीच्या ताटातली जोखीम वेगळी. म्हणून अशा मूल्यमापनात त्या त्या प्रदेशातील लोक काय आणि किती खातात याची पाहणी लागते.

आणखी एक सूचना. 'अन्नसुरक्षा' हा शब्द मराठीत दोन ओझी वाहतो: 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात त्याचा अर्थ सर्वांना पुरेसे अन्न मिळणे, तर 2006 च्या कायद्यात अन्न निर्धोक असणे. पालकांना रेशनकार्ड आठवू नये म्हणून पत्रकाच्या शीर्षकात 'निर्धोक अन्न' लिहावे.

मुख्य वाक्य मी असे लिहिले असते: 'अन्नातील धोके ओळखून, ते किती मात्रेत पोटात जातात हे मोजून, तज्ज्ञ जोखमीचे मूल्यमापन करतात, आणि त्यावरून मर्यादा किंवा बंदी ठरवली जाते.' 'जोखीमेचे' असे रूप अलीकडे पुष्कळदा छापलेले दिसते, ते टाळावे. 'जमीन'चे 'जमिनीचे' होते, पण 'जोखीम'चे 'जोखमीचे' होते, मधली ई गळते.