पोरीला सनस्क्रीन बनवायचं आहे, हे पार्लरचं काम आहे का?

भाऊ, नागपूरच्या महाल भागातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे. उन्हापासून त्वचेच्या पेशी वाचवणारं, नैसर्गिक खनिजांचं क्रीम तिला बनवायचं आहे, आणि तुम्ही विचारता, ‘पार्लरच्या कामाला चार वर्षं कशाला घालवायची?’

पार्लरचा इथे संबंधच नाही. उन्हातले अतिनील ‘बी’ (यूव्हीबी) किरण, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, पेशीतल्या डीएनएवर पडले की थायमिन नावाचे त्यातले शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. पेशी बहुतेक वेळा ते दुरुस्त करते. एखादी चूक राहून गेली, तर पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतं. झिंक ऑक्साइड हे किरण आरशासारखं परतवतं असं सगळे सांगतात. खरं तर ते बहुतेक किरण शोषून घेतं.

पोरीला आज एक करायला सांगा. कॅलामाइन लोशनमध्येही झिंक ऑक्साइड असतं. ते काचेच्या तुकड्यावर बोटाने पसरून वाळवायचं आणि काच खिडकीशी धरायची. कुठे गुलाबी थर जाड, कुठे उजेड सरळ आरपार. जिथे कण नाहीत, तिथे त्वचा उघडी. ते कण बारीक करून क्रीममध्ये सारखे पसरवायचे, महिनोन्महिने गुठळी होऊ द्यायची नाही, हाच तो धंदा, आणि तो शिकायला चार वर्षं लागतातच.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल मात्र तिला आत्ताच सांगा. ट्यूबमधलं झिंक ऑक्साइड बहुतेकदा जस्ताची वाफ हवेत जाळून कारखान्यात बनतं, आणि ते शुद्ध असतं म्हणूनच चालतं. मुलतानी मिट्टी फासून सनस्क्रीनचं काम होत नाही.

नागपुरातच एल.ए.डी. महाविद्यालयात मुलींसाठी कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे. माझी पहिली पसंती तीच. नाहीतर बी.फार्म. किंवा रसायनशास्त्र-सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. नोकरीसाठी मुंबई-पुण्याकडे जावं लागेल, त्याची मनाची तयारी आत्तापासून ठेवा. गणित मात्र तिला सोडू देऊ नका.

फॉर्म भरण्याआधी दोघं मिळून तिथली प्रयोगशाळा बघून या. ती काचही सोबत न्या आणि तिथल्या मॅडमना दाखवा.