अमेरिकेतल्या छोट्या विमानतळावर फेऱ्या का घटतात, विमान का बदलतं, आणि तिकीट काढताना काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावात राहता. तिथून शिकागोला रोज तीन फ्लाइट होत्या, ५० आसनी. आता दोनच राहिल्या, पण ७६ आसनी. तासाभरावरच्या दुसऱ्या गावात तर नऊ आसनी विमान येतं. असं का होतं, उद्या सेवा बंदच पडेल का, आणि पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबांचं तिकीट थेट गावापर्यंत काढावं का?

९, ३०, ५०, ७६ हे चार आकडे लक्षात ठेवा. तुमच्या गावाला कुठलं विमान येणार हे गावातल्या गर्दीपेक्षा या आकड्यांवर जास्त ठरतं, आणि यातला एकही आकडा प्रवासी मोजून आलेला नाही. ते कायद्यातून आणि वैमानिकांच्या करारांतून आलेत.

आधी ७६. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिघींच्या वैमानिकांशी झालेल्या करारांत स्कोप क्लॉज नावाचं कलम असतं. कंपनीने आपलं नाव रंगवलेली विमानं स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय अशा रिजनल कंपन्यांकडून, म्हणजे कमी पगाराच्या वैमानिकांकडून उडवून घ्यायची असतील, तर ती केवढी असावीत आणि किती असावीत याची मर्यादा त्यात घातलेली असते. वरची हद्द ७६ आसनं आणि कमाल ८६,००० पौंड वजन, म्हणजे साधारण ३९ टन. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं ई-१७५ त्यात बसतं. त्याचीच नवी, कमी इंधन पिणारी आवृत्ती ई-१७५-ई२ नव्या इंजिनांमुळे जड झाली आणि बसत नाही, म्हणून एम्ब्राएरने तो प्रकल्पच थांबवून ठेवला. सीआरजे ही अशा छोट्या जेटची दुसरी मालिका, तिचं उत्पादन २०२१ च्या सुरुवातीला शेवटचं विमान देऊन संपलं. थोडक्यात, या कामासाठी आज नवं जेट घ्यायचं तर व्यवहारात एकच पर्याय उरतो, तो म्हणजे जुन्या इंजिनांचं ई-१७५. तुमच्या गावाला तेच येतंय यात आश्चर्य नाही.

५० चा आकडा केबिन क्रूच्या नियमातून येतो. ५० आसनांपर्यंत एक फ्लाइट अटेंडंट चालतो, ५१ व्या आसनाला दुसरा लागतो. स्कोप क्लॉजमध्येही ५० आसनी आणि त्याहून मोठी विमानं वेगळी मोजली जातात. युनायटेडचा मोठ्या रिजनल विमानांचा कोटा भरला, तेव्हा कंपनीने ७० आसनी सीआरजे-७०० मधून आसनं काढून ५० वर आणली, कागदोपत्री कमाल वजन ६५,००० पौंडांवर उतरवलं आणि २०१९ मध्ये त्याला सीआरजे-५५० नाव देऊन उडवायला सुरुवात केली. मोठं विमान छोटं म्हणून नोंदवण्याचा हा उद्योग प्रवाशांच्या मात्र पथ्यावर पडला: दहा फर्स्ट क्लास आसनं आणि हातातल्या बॅगांसाठी मोठे कप्पे. मूळचं ५० आसनी सीआरजे-२०० मात्र म्हातारं झालंय. डेल्टाने ते २०२३ मध्ये पूर्ण काढून टाकलं.

आता तुमच्या गावाचा हिशेब. ५० च्या तीन फेऱ्या म्हणजे एका दिशेला रोज १५० आसनं. ७६ च्या दोन फेऱ्या म्हणजे १५२. आसनं तेवढीच राहिली, पण कॉकपिटमधल्या जोड्यांचं काम एक तृतीयांशाने कमी झालं. वैमानिक ५० आसनीलाही दोनच लागतात आणि ७६ आसनीलाही दोनच. २०२२ मध्ये टंचाई इतकी होती की अमेरिकनच्या मालकीच्या रिजनल कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला. त्या पगारात ५० आसनीचं गणित बसत नाही.

टंचाई येण्याचं एक मोठं कारण कायद्यात आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं क्यू-४०० पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला (विमानविद्येची चार वर्षांची पदवी असेल तर १,०००, सैन्यातून आलेल्याला ७५०). आधी जवळपास २५० तासांवर ही नोकरी मिळू शकत असे.

९ आणि ३० हे आकडे याच नियमाच्या कडेला उभे आहेत. नऊ किंवा कमी आसनांची नियमित सेवा पार्ट १३५ या वेगळ्या नियमावलीखाली चालवता येते. तिथे सहवैमानिकाला १,५०० तास लागत नाहीत. ग्रेट लेक्स एअरलाइन्सने आपल्या १९ आसनी बीच १९०० विमानांतली दहा आसनं उचकटून ती नऊवर आणली होती, ती याचसाठी. तरी २०१८ मध्ये कंपनीची नियमित उड्डाणं थांबलीच. आज या गटात केप एअरची सेस्ना ४०२ आणि टेकनाम, सदर्न एअरवेजची सेस्ना कॅरव्हान वगैरे विमानं आहेत. ३० आसनांची पळवाट आणखी मजेशीर आहे. कागदावर ती पब्लिक चार्टर, म्हणजे भाड्याने ठरवलेल्या विमानाची सेवा असते, म्हणून ३० आसनांपर्यंत तीच सैल नियमावली लागू होते. प्रवाशाला मात्र ठरलेल्या वेळा आणि विकत मिळणारी तिकिटं दिसतात, म्हणजे नेहमीची एअरलाइनच. कॉन्टूर या कंपनीच्या एम्ब्राएर विमानांत ३०च आसनं आणि पाय पसरायला भरपूर जागा असते ती यामुळे.

सेवा बंद पडेल का, हे सांगायला आधी एक गोष्ट तपासा: तुमचं गाव इसेन्शियल एअर सर्व्हिस, म्हणजे ईएएसच्या यादीत आहे का? १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तेव्हा छोटी गावं उघडी पडू नयेत म्हणून ही योजना आली. परिवहन खातं निविदा मागवतं, साधारण दोन-चार वर्षांचं कंत्राट देतं आणि तोटा भरून देतं. आपल्याकडच्या उडानसारखी तीन वर्षांनी संपणारी मदत नाही ही, पण अटी आहेत, आणि मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांत नव्या गावांना दार बंद आहे. यादीतल्या गावातून शेवटची कंपनी जायला निघाली तर तिला आधी नोटीस द्यावी लागते आणि पर्याय मिळेपर्यंत खातं तिला अडवून ठेवू शकतं. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने २९ गावांतून निघायची नोटीस दिली, तेव्हा हेच झालं.

यादीबाहेरच्या गावाला असं काहीच संरक्षण नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकनने टोलेडो, इथाका, आयस्लिप आणि डुब्यूक सोडलं. विल्यम्सपोर्टची सेवा त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. टोलेडोची अडचण उघड आहे: डेट्रॉइटचा मोठा विमानतळ गाडीने तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे गावकरीच आपला विमानतळ सोडून तिकडे जात. मोठा हब, म्हणजे विमान बदलायचा मुख्य विमानतळ, दीड तासाच्या आत असेल आणि गाव यादीत नसेल, तर माझ्या मते धोका खरा आहे. अडीच-तीन तासांवर असेल आणि विद्यापीठ मोठं असेल, तर दोन फेऱ्या बऱ्यापैकी टिकतात. दोनाची एक झाली की मात्र सावध व्हा. एकाच फेरीत सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही, कामानिमित्त फिरणारा प्रवासी तुटतो, आणि महागडं तिकीट तोच काढत असतो.

हे नुसत्या अंदाजावर सोडायची गरज नाही. परिवहन खात्याच्या सांख्यिकी विभागाची टी-१०० नावाची सारणी फुकट मिळते. तीत महिन्यागणिक, मार्गागणिक, विमानाच्या प्रकारागणिक फेऱ्या, आसनं आणि प्रवासी असतात. आकडे काही महिने मागे असतात, तरी चालतं. प्रवाशांना आसनांनी भागा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. विद्यापीठाच्या गावात मे आणि ऑगस्टचे महिने फसवे असतात, म्हणून फेब्रुवारी बघा. फेब्रुवारीतही सत्तर टक्क्यांच्या वर भरत असेल तर काळजी नको. पन्नाशीच्या खाली असेल तर पुढच्या वेळापत्रकात काहीतरी कापलं जाणार.

नऊ आसनी विमान की जेट, यावरून गावाचे लोक का भांडतात तेही प्रवाशांच्या आकड्यांतून कळतं. वर्षाला १०,००० प्रवासी चढले की विमानतळ 'प्रायमरी' ठरतो आणि संघराज्याकडून धावपट्टी वगैरेसाठी दरसाल हक्काचा मोठा निधी मिळतो. त्याखाली तो बराच घसरतो. नऊ आसनी विमानाच्या रोज दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला ६,५७० आसनं. प्रत्येक फेरी खच्चून भरली तरी १०,००० गाठता येत नाहीत. ५० आसनी जेटच्या आठवड्याला १२ फेऱ्या म्हणजे ३१,२०० आसनं, त्यातली एक तृतीयांश भरली की काम झालं. म्हणून नऊ आसनीच्या फेऱ्या जास्त, वेळा सोयीच्या, तरीही नगरपालिका जेटच्या बाजूने पत्र लिहिते. प्रवाशाचा आणि विमानतळाचा फायदा इथे एकच असेल असं नाही.

मोठं विमान आलं की अग्निशमनाचा खर्च वाढतो, असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. विमानतळावर अग्निशमनाची किती सोय हवी याचे वर्ग असतात, आणि वर्ग विमानाच्या लांबीवर ठरतो: ९० फुटांखाली ए, ९० ते १२६ फूट बी. सीआरजे-२०० जेमतेम ८८ फुटांचं, ई-१७५ जवळपास १०४ फुटांचं. पण त्या लांबीची उड्डाणं रोज सरासरी पाचपेक्षा कमी असतील तर एक वर्ग खालचा चालतो. दोन फेऱ्यांसाठी कोणी नवा बंब घेत नाही.

आता आई-बाबांचं तिकीट. काढा, पण पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तरच. म्हणजे शेवटच्या टप्प्याची एअरलाइन तुमच्या आंतरराष्ट्रीय एअरलाइनची भागीदार हवी: लुफ्तान्झाबरोबर युनायटेड, कतारबरोबर अमेरिकन अशी. 'ऑपरेटेड बाय स्कायवेस्ट' लिहिलेलं असलं तरी हरकत नाही, जबाबदारी तिकिटावर नाव असलेल्या कंपनीची. नऊ आसनी किंवा चार्टरवाली कंपनी असेल तर मोठ्या एअरलाइनशी तिचा बॅगा पुढे पाठवण्याचा करार आहे का हे आधी विचारा. नसेल तर दोन वेगळी तिकिटं, बॅगांचे पैसे पुन्हा, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तिकीट बुडीत. कॅरव्हानसारख्या विमानात बॅगांबरोबर माणसाचंही वजन विचारतात, आणि २३-२३ किलोच्या चार बॅगा तिथे खपतीलच असं नाही.

वेळापत्रक साधारण अकरा महिने आधी दिसतं, पण लांबच्या महिन्यांत ते बहुतेक मागच्या वर्षाची नक्कल असतं. खरं वेळापत्रक दोन-तीन महिने आधी बसतं. तेव्हा विमानाचा प्रकार बघून आता आसन निवडण्यात फार जीव अडकवू नका. ७६ चं ५० झालं की आसन क्रमांक बदलतातच. बदललेल्या वेळेमुळे आंतरराष्ट्रीय प्रवासात निघायची वेळ सहा तास किंवा जास्त आधी आली, पोहोचायची तेवढी पुढे गेली, किंवा एखादा थांबा वाढला आणि तुम्ही नवी वेळ नाकारलीत, तर पूर्ण पैसे परत मागता येतात.

शिकागोला परदेशातून आलेली बहुतेक विमानं टर्मिनल ५ ला लागतात. तिथे इमिग्रेशन, बॅगा स्वतः उचलून कस्टम, बॅगा पुन्हा देणं, मग ट्रेनने दुसरं टर्मिनल आणि परत सुरक्षा तपासणी. वयस्कर माणसांसाठी तीन तासांपेक्षा कमी लेओव्हर घेऊ नका. व्हीलचेअर दोन्ही टप्प्यांसाठी मागा. सीआरजेच्या दारालाच पायऱ्या असतात आणि अनेक छोट्या गेटांवर त्याच चढाव्या लागतात. रॅम्प किंवा लिफ्टची सोय हवी हे ४८ तास आधी कळवलेलं बरं.

आणि रात्रीची शेवटची फ्लाइट टाळा. रात्री जे विमान गावात येऊन मुक्काम करतं, तेच सकाळी सहाला शिकागोला परत निघतं. ते रद्द झालं तर सकाळी गावात विमानच नसतं. ते मध्यरात्री पोहोचलं तर क्रूला नियमाप्रमाणे किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणून सकाळची फ्लाइट दुपारवर जाते. पूर्वी तीन फेऱ्या असताना मधली फ्लाइट हा घोळ निस्तरायची. आता दोन्हींत अडकलेले प्रवासी एकाच विमानात कोंबायचे, आणि ते आधीच भरलेलं. मॅडिसन, शँपेन, साउथ बेंड अशा गावांना शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावरून थेट बस आहे. तुमच्या गावाला असेल तर तिच्या वेळा आई-बाबांच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा. बसने यायचं ठरलं तर मात्र ते एअरलाइनच्या काउंटरवर सांगून, बॅगा हातात घेऊनच निघायला सांगा. जातानाचा एखादा टप्पा न सांगता सोडला की परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं.